अकलोलीची उष्णोदके आणि नामविचार

भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वसलेल्या अकलोलीस अभ्यासभेटीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यास वाटाड्याकडून प्रथम आख्यायिका ऐकावयास मिळते : वज्रेश्वरीने वधिलेल्या दैत्यांचे रक्तच येथे ऊन पाण्याच्या रूपाने वाहते. भूशास्त्राचे म्हणणे निराळे. पावसाचे पाणी बेसाल्ट खडकाच्या भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते व पुन्हा वर येते. त्यासाठी जागृत ज्वालामुखीची गरज नाही. भाषाभ्यासकाने मात्र नावापाशी थांबावे. रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे या झऱ्यांच्या गावांच्या नावांत संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’ ही परंपरा उघड दिसते. ‘अकलोली’त तशी खूण आढळत नाही, येथे उष्णता ‘गरम पाण्याची कुंडे’ या वर्णनात राहिली, आणि वर्णन बांधीव कुंडांचे आहे. वाटाड्याही तीच दाखवितो. नदीपात्रातील झरे विद्यार्थ्यास स्वतः शोधावे लागतात.