माथेरानचं शेकरू, भीमाशंकरचं शेकरू : आज एकच जात, उद्या दोन होतील का?

नेरळ : माथेरानच्या झाडांवर दिसणारं शेकरू आणि खांडसहून घाट चढून गेल्यावर भीमाशंकरला दिसणारं शेकरू एकाच जातीचं. पण मधे उल्हास नदीचं खोरं, भातशेती, रेल्वे, रस्ते, वस्ती. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, फांदीवरून फांदीवर उड्या मारत फिरतं. त्यामुळे इकडचा नर तिकडच्या मादीपर्यंत पोचणं फार कठीण. नवी जात तयार होण्याची पहिली पायरी बहुतेक वेळा हीच असते : ताटातूट.

पुढे काय होतं?
प्रत्येक पिढीत बारीक बदल आपोआप होत असतात. येणं-जाणं असेल तर ते सगळ्यांत मिसळतात. येणं-जाणं तुटलं की दोन्हीकडचे बदल वेगवेगळे साठत जातात. रंग बदलतो, आवाज बदलतो, माजाचा हंगामही बदलू शकतो. शेवटी दोघं समोर आले तरी जोडी जमत नाही, किंवा जमली तरी वंश पुढे चालत नाही. तेव्हा जाती दोन झाल्या.

ओळखायचं कसं?
नुसत्या रंगारूपावरून नाही. गावठी कुत्रा आणि अल्सेशियन दिसायला वेगळे, पण त्यांना पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. म्हणून जात एकच. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, पण खेचराला सहसा शिंगरू होत नाही. म्हणून जाती दोन.

शेकरू या वाटेवर मधेच कुठेतरी आहे. भीमाशंकरचं तांबूस, शेपटीचं टोक पांढुरकं. केरळातल्या शेकराच्या खांद्यावर आणि शेपटीवर काळा रंग. सायक्स यांनी 1831 मध्ये आपल्याकडच्या शेकराला वेगळं नाव दिलं. काही अभ्यासक ती उपजात मानतात, काही मानत नाहीत.

पण एक धोका आहे
एकटं पडलं म्हणजे नवी जात होईलच असं नाही. त्याला हजारो, लाखो वर्षं लागतात. तोवर संख्या टिकायला हवी. थोडीच उरली तर जवळच्या नात्यातच जोड्या लागतात, वंश कमजोर होतो, आणि एखादा वणवाही पुरतो. गुजरातच्या डांग जंगलात फिकट रंगाचं शेकरू होतं. ते आता नामशेष झाल्याचं मानलं जातं.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. पण अभयारण्याबाहेरची झाडं आपल्याच हातात आहेत. देवराई, ओढ्याकाठची आणि बांधावरची जुनी उंच झाडं हाच शेकराचा रस्ता. तो तोडू नका, आणि उन्हाळ्यात डोंगराला आग लावू नका.