न्यूटॉक: स्थलांतराची तीस वर्षं

2024 च्या शरदात अलास्कातल्या न्यूटॉकचे शेवटचे 71 जण सामान होड्यांत भरून मर्टारविकला गेले. नेल्सन बेटावरचं हे नवं गाव जेमतेम 15 किलोमीटरवर. पण तिथं पोचायला न्यूटॉकच्या युपिक आदिवासींना तीस वर्षं लागली.

मुळात हे लोक एका जागी राहणारे नव्हतेच. सील, सॅल्मन, बेरी यांच्या हंगामाप्रमाणे मुक्काम हलायचा. सरकारनं शाळा काढली आणि मुलांसाठी कुटुंबं निंगलिक नदीकाठी स्थिरावली. शाळेचं सामान आणणारी बार्ज याहून पुढे जाऊ शकली नाही म्हणून ही जागा ठरली, असं गावात सांगतात.

ती जमीन पर्माफ्रॉस्टवर उभी होती. गाळ आणि बर्फ एकजीव होऊन वर्षानुवर्षं घट्ट राहिलेले. बर्फ वितळला की गाळाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही: वरून जमीन खचते, खालून लाटा काठ पोखरतात. समुद्र उशिरा गोठू लागल्यानं शरदातल्या वादळांना अडवणारं बर्फाचं कवचही राहिलं नाही. काठ वर्षाला सरासरी 70 फूट मागे सरकत होता. फळ्यांच्या पायवाटा चिखलात कलंडल्या. नळ नव्हते, गटारं नव्हती. शौचाच्या बादल्या बाहेर रित्या कराव्या लागत आणि पूर आला की ती घाण दारात यायची.

ग्राम परिषदेनं 1994 मध्येच हलण्याची आखणी सुरू केली. गावानं तीनदा हलण्याच्या बाजूनं कौल दिला. 2003 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं मर्टारविकच्या जागेसाठी जमिनीच्या अदलाबदलीला मंजुरी दिली. पुढे मात्र घोंगडं भिजत पडलं, कारण अख्खं गाव हलवण्याची जबाबदारी कोणत्याच खात्याची नव्हती. आपत्ती निवारणाचा कायदा एका रात्रीत कोसळणारं संकट ओळखतो. रोज थोडा थोडा गिळला जाणारा काठ त्याला दिसत नाही. 2017 च्या सुरुवातीला गावाची आपत्ती जाहीर करण्याची विनंती फेटाळली गेली. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. पुढच्या वर्षी दीड कोटी डॉलर मिळाले आणि 2019 मध्ये पहिली कुटुंबं हलली. नव्या घरांतही अनेकांकडे अजून नळाचं पाणी नाही.

हा प्रश्न एकट्या न्यूटॉकचा नाही. पूर आणि धूप यांचा फटका बसणारी अलास्कातली आदिवासी गावं 2003 च्या सरकारी अहवालात 213 पैकी 184 होती. ऑक्टोबर 2025 मध्ये हालाँग वादळाच्या अवशेषानं किपनक आणि क्विगिलिंगक ही गावं बुडवली. तिथल्या शेकडो लोकांना विमानानं अँकरेजला न्यावं लागलं.