मुका घेतला की खारट लागतो का?

पहाटे ५.३०
एप्रिलात आमच्या घाटंजीकडे पहाटेही गारवा नसतो. मुलाच्या पाठीवर थापट्या देत छातीतला कफ सुटा करते. त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. अंगातले स्राव घट्ट होतात. छातीत कफ साचतो आणि स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यापर्यंत पोचत नाही.

६.३०
ज्वारीची भाकर, भरपूर तूप, शेंगदाण्याची चटणी, वर मीठ. पहिल्या घासाला पाचक एन्झाइमची कॅप्सूल. चावायची नाही, गिळायची. लहानपणी तिच्यातले दाणे सफरचंदाच्या गरात कालवून द्यायचे. दुधात नाही, दुधात दाण्यांवरचं आवरण विरघळतं. "एवढं मीठ काहून वं पोराले?" असं विचारणाऱ्या सासूबाई आता स्वतःच तुपाची धार सोडतात.

९.००
अंगणवाडीत वजनाचा दिवस. याच काट्यावर माझ्या मुलाचं वजन मी सेविका म्हणून दोन वर्षं लिहीत होते. ताटभर जेवायचा, पण अंगी लागत नव्हतं. शी तेलकट, उग्र वासाची. जंतांची औषधं झाली. शेवटी घामाच्या तपासणीत क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोलच्या वर निघालं, तेव्हा उलगडा झाला.
आज एक आई म्हणाली, "ताई, लय खाते, पण वाढतच नाही."
मी विचारलं, "मुका घेतला की खारट लागतो का?"
ती गप्प झाली. मग म्हणाली, "हो."

दुपारी १२.३०
शाळा सुटली. या मुलांच्या घामातून मीठ फार जातं. १९४८ साली न्यूयॉर्कच्या उन्हाच्या लाटेत अशी मुलं कोसळली, त्यातूनच डॉ. पॉल दि सान्त'आग्नेस यांनी घामातल्या मिठाचा शोध घेतला. आमच्याकडे तसं ऊन दर वर्षीच. वरण-भात, लोणचं, खारा मठ्ठा. अर्थात कॅप्सूल आधी.

४.००
पोट दुखतंय, उजवीकडे खाली. मधल्या सुट्टीत मित्राचा लाडू कॅप्सूलशिवाय खाल्ला होता. घट्ट मळ तिथेच अडतो. ओआरएसचं पाणी पाजलं, पोट मऊ आहे ना ते पाहिलं. उलटी झाली किंवा पोट फुगलं, तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. तासाभरानं शी झाली, तो हसला.

रात्री ८.३०
जेवणासोबत अ, ड, इ आणि के जीवनसत्त्वं. ती स्निग्धाबरोबरच शोषली जातात. झोपताना त्याच्या कपाळाचा मुका घेतला. खारट.
त्या मुलीला यवतमाळला पाठवायची चिठ्ठी लिहून ठेवली आहे. "घामाची तपासणी करावी" ही ओळ ठळक केली. निदान काय ते डॉक्टर ठरवतील. माझी दोन वर्षं गेली, तिची जाऊ नयेत.