दुपारी साडेतीनला तीन तारखा

रोज दुपारी साडेतीन ते साडेचार या तासात पृथ्वीवरची माणसं तीन वेगवेगळ्या तारखांत वावरत असतात. आपल्याकडे मंगळवार असेल, तर अमेरिकन सामोआत सोमवारची रात्र अजून संपलेली नसते आणि किरिबातीच्या किरितीमाती बेटावर बुधवार सुरू झालेला असतो. दिवसाचे तास २४, पण वस्ती असलेल्या जगातली सर्वांत पुढची आणि सर्वांत मागची घड्याळं यांत अंतर २५ तासांचं. हवाई आणि किरितीमातीची घड्याळं तर मिनिटाला मिनिट जुळतात, फक्त तारखेत एका दिवसाचा फरक.

फोनमधलं कॅलेंडर हा हिशेब मांडतं ते एका खुल्या, मोफत डेटाबेसच्या भरवशावर. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात तो सुरू केला, आता पॉल एगर्ट सांभाळतात. चारशेहून जास्त नावं आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळ कधी, किती हललं याची नोंद! भारताचं नाव त्यात एकच, 'एशिया/कोलकाता'. मुंबईची स्वतंत्र नोंद नाही, कारण १९७० नंतर जिथे वेळ वेगळी झाली तिथेच वेगळं नाव मिळतं. प्रत्यक्षात १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी तिच्या ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५पर्यंत चालत राहिला. हा इतिहास आपल्या फोनला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

भूतकाळ निदान बदलत नाही. भविष्याचं तसं नाही. २०११मध्ये सामोआने ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला. सुमारे १ लाख ८८ हजार माणसं गुरुवारी झोपली आणि शनिवारी उठली. २०२३च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने घड्याळं तासभर पुढे न्यायचं ऐनवेळी लांबणीवर टाकलं. चर्चने ते मानलं नाही. एकाच देशात दोन वेळा सुरू झाल्या आणि काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. आठवड्याभरात डेटाबेस एकदा बदलून पुन्हा पूर्ववत करावा लागला.

म्हणूनच पुढच्या वर्षीची मीटिंग '१९७०पासूनचे इतके सेकंद' अशी साठवणारं सॉफ्टवेअर माझ्या मते चुकीचंच. साठवायला हवी ती घड्याळातली ठरलेली वेळ आणि शहर. सेकंद आयत्या वेळी मोजावेत. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते, हिवाळ्यात साडेआठला. त्यात लंडन आलं की मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा गणित पुन्हा बदलतं, कारण दोन्ही देश वेगवेगळ्या रविवारी घड्याळं हलवतात.

तेव्हा परदेशातल्या लेकीशी बोलायची वेळ ठरवा किंवा क्लायंटशी, नुसतं 'आठ वाजता' लिहू नका. कुठल्या शहराचे आठ, तेही लिहा.