सात संस्कारांतील थोरवी आणि निकड

कॅथॉलिक धर्मांत सात संस्कार मानले जातात: स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, आजाऱ्याचें तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. सोळा संस्कारांची कल्पना ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे, त्यांस सहजच वाटतें कीं, जन्मापासून मरणापर्यंतच्या वाटेवरील हे सात मुक्काम असावेत आणि प्रत्येकानें ते क्रमानें गांठावयाचे असावेत. परंतु तसें नाहीं. लॅटिन परंपरेंत गुरुदीक्षा घेणारा बहुधा अविवाहित राहतो आणि विवाह करणारा बहुधा गुरु होत नाहीं. म्हणजे एकाच माणसास सातहि संस्कार घडणें ही विरळा गोष्ट होय. मग या सातांत मोठा कोणता आणि ज्यावांचून मुळींच चालत नाहीं असा कोणता, हा प्रश्न ओघानेंच येतो.

सात ही संख्या शास्त्रकारांत बाराव्या शतकांत, विशेषतः पीटर लोंबार्ड याच्या ग्रंथामुळें, स्थिर झाली. लूथरनें १५२० मध्यें तिच्यावरच आक्षेप घेतला आणि प्रॉटेस्टंट पंथांनीं बहुतेक दोनच संस्कार ठेविले. त्यास उत्तर देण्यासाठीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५४७ च्या मार्च महिन्यांत जे निर्णय दिले, त्यांत सात ही संख्या तर कायम केलीच; पण आणखीहि एक गोष्ट सांगितली व ती फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. सातहि संस्कार सर्वस्वी सारखे आहेत, त्यांतील एकहि दुसऱ्याहून अधिक योग्यतेचा नाहीं, असें म्हणणारास परिषदेनें दोषी ठरविलें. संस्कार तारणास आवश्यक खरे, तथापि ते सगळे प्रत्येक माणसास आवश्यक नाहींत, हेंहि तिनें त्याच वेळीं नमूद केलें.

या निर्णयामागील विचार तेराव्या शतकांत थॉमस अक्विनास यानें मांडून ठेविला होता. त्याच्या मतें थोरवी पाहिली तर ख्रिस्तप्रसाद सर्वश्रेष्ठ. कारण इतर संस्कारांत ख्रिस्ताची शक्ति काम करते, परंतु या एका संस्कारांत स्वतः ख्रिस्तच विद्यमान असतो, अशी श्रद्धा आहे. इतर सहांचें तोंडहि याच संस्काराकडे आहे. निकड पाहिली, तर मात्र क्रम बदलतो. प्रत्येक माणसास अवश्य असा बाप्तिस्मा. त्यानंतर ज्याच्या हातून घोर पाप घडलें त्यास प्रायश्चित्त. आणि व्यक्तीस नव्हे, तर सगळ्या धर्ममंडळास अवश्य अशी गुरुदीक्षा. घरांत देव्हाऱ्याचा मान सर्वांत मोठा असतो, पण उंबरठा ओलांडल्याखेरीज देव्हाऱ्यापर्यंत कोणी पोंचत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. श्रेष्ठ कोणतें आणि अगोदर काय हवें, हे दोन प्रश्न एकच समजल्यानें या विषयांत पुष्कळ घोटाळा होतो.

ज्याची निकड सर्वांत मोठी, तो संस्कार धर्ममंडळानें सर्वांत सुलभ ठेविला आहे. ख्रिस्तप्रसादास गव्हाची भाकर, द्राक्षांचा मद्यरस आणि दीक्षित गुरु हे तिन्ही लागतात. एक नसलें तरी तो होत नाहीं. बाप्तिस्म्यास साधें पाणी पुरतें. एरवीं तो गुरु किंवा उपगुरु देतो. परंतु प्राणावर बेतलें असतां कोणीहि, स्त्री असो वा पुरुष, पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें ठरलेले शब्द उच्चारावे, कीं संस्कार पूर्ण झाला. तो देणारा स्वतः ख्रिस्ती असलाच पाहिजे, अशीहि अट नाहीं. धर्ममंडळ जें करतें तें करण्याचा हेतु मात्र हवा. मध्यरात्रीं जन्मलेलें मूल सकाळ पाहील कीं नाहीं अशी भीति असतां, हिंदु किंवा मुसलमान सुईणीनें या हेतूनें दिलेला बाप्तिस्मा बिशपानें दिलेल्या बाप्तिस्म्याइतकाच खरा. विशेष हें कीं, असा बाप्तिस्मा एकदां झाला म्हणजे तो पुन्हां देतां येत नाहीं. दृढीकरण व गुरुदीक्षा यांचाहि नियम हाच.

या व्यवस्थेची खरी कसोटी जपानांत लागली. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्यें तेथें उतरला. त्याचें शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जीझस मंदिरांत आहे. पुढें १६१४ मध्यें ख्रिस्ती धर्मास देशभर बंदी झाली. गुरूंस हांकलण्यांत आलें, मागें राहिले ते पकडले गेले, आणि १६४४ मध्यें मान्शो कोनिशि या जपानी गुरूचा वध झाल्यावर तेथील ख्रिस्ती लोकांची सेवा करणारा एकहि गुरु उरला नाहीं. गुरु नाहीं म्हणून ख्रिस्तप्रसाद नाहीं, दृढीकरण नाहीं, तैलाभ्यंग नाहीं, पापांची क्षमा उच्चारणाराहि कोणी नाहीं. सर्वांत श्रेष्ठ संस्कारच हातचा गेला. राहिला तो बाप्तिस्मा, आणि त्याच्या जोडीला आपसांत केलेला विवाह. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतून शेतकरी व कोळी यांनीं गुप्तपणें मंडळ्या बांधल्या. एकजण सणवारांची गणना राखी. दुसऱ्याकडे पाणी ओतून बाप्तिस्मा देण्याचें काम असे. प्रायश्चित्ताच्या जागीं ते मनांतील पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. सांपडल्यास शिक्षा मरणाची, हें ठाऊक असूनहि पाणी ओतणें पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलें.

दिनांक १७ मार्च १८६५ रोजीं उराकामि येथील दहापंधरा माणसें नागासाकीच्या नव्या ओउरा मंदिरांत आलीं आणि त्यांनीं फ्रेंच गुरु पेतिजां यांस आपला धर्म हळूच सांगितला. सव्वादोनशें वर्षांच्या सुमारास तेथें पुन्हां ख्रिस्तप्रसाद मिळूं लागला. बाप्तिस्म्याचे शब्द इतक्या काळांत बिघडले नाहींत ना, ही शंका अशा वेळीं साहजिकच; आणि शंका असेल तेथें, पूर्वीं झाला नसल्यास, अशी अट उच्चारून बाप्तिस्मा द्यावा, असा धर्ममंडळाचा नियम आहे. छळ मात्र लगेच थांबला नाहीं. उराकामिच्या तीन हजारांहून अधिक लोकांस हद्दपारी भोगावी लागली. बंदी उठली ती १८७३ मध्यें.

यावरून ख्रिस्तप्रसादावांचून सुखानें भागतें, असें अनुमान काढणें चुकीचें होईल. त्या लोकांनीं वाट पाहिली ती गुरूंचीच. गुप्त मंडळ्यांपैकीं कांहीं पुढेंहि रोमशीं एकरूप झाल्या नाहींत, हेंहि तितकेंच खरें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ मध्यें ख्रिस्तप्रसादास सगळ्या ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटलें. मग उगमच हाताशीं नसेल, तर त्या गांवानें काय करावें? हा प्रश्न ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत अजून जिवंत आहे. तेथें कित्येक वस्त्यांवर गुरु पुन्हां येईपर्यंत महिनेच काय, वर्षेंहि लोटतात. म्हणून १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ मध्यें रोम येथें भरलेल्या सभेंत बहुसंख्य बिशपांनीं अशी सूचना केली कीं, त्या भागांत योग्य अशा विवाहित उपगुरूंस गुरुदीक्षा देण्याची वाट मोकळी करावी. पोप फ्रान्सिस यांनीं २०२० च्या आपल्या पत्रांत ती सूचना उचलून धरली नाहीं. अधिक गुरु तेथें पाठवावे, असें बिशपांस सांगितलें.