परीक्षा संपल्यावरचं लातूर

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर सुटतो आणि लातूर रिकामं व्हायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उद्योग भवनाच्या परिसरात, ज्याला सगळं शहर ‘ट्यूशन एरिया’ म्हणतं त्या गल्ल्यांत, छोटे टेम्पो लागतात. गाद्या, कूलर, बादल्या, सुतळीनं बांधलेले नोट्सचे गठ्ठे. अहमदपूर, मुखेड, कळंब, परळीकडून आलेले वडील हिशेब चुकता करून डिपॉझिट परत घेतात, मुलगी मैत्रिणींचे नंबर पुन्हा एकदा तपासून बघते आणि गाडी निघते. पंधरवड्यात फाटकांवर पाट्या दिसू लागतात: ‘रूम भाड्याने देणे आहे’, ‘फक्त मुलींसाठी’, ‘कॉट बेसिस’. घरगुती मेसच्या चुली थंडावतात. अभ्यासिकांत रात्री दोनपर्यंत जळणारे दिवे संध्याकाळी सातलाच मालवतात. पारा चाळिशीपलीकडे असतो आणि दुपारच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही.

लातूर बघायचं तर याच दिवसांत बघावं, असं माझं मत आहे. जून ते एप्रिल या शहराला कुणाशी बोलायला वेळ नसतो. मेमध्ये झेरॉक्सवाला खुर्ची बाहेर टाकून बसतो, मेसवाल्या काकू माहेरी जायच्या तयारीत असतात, घरमालक खोल्यांना चुना देत असतात. विचारलं तर सगळे निवांत सांगतात. विद्यार्थी नसताना विद्येच्या गावात काय उरतं, ते तेव्हा कळतं.

पोर्तुगालमध्ये कोइंब्रा नावाचं असंच एक गाव आहे. तिथलं विद्यापीठ १२९० साली लिस्बनमध्ये सुरू झालं आणि बरीच ये-जा झाल्यावर १५३७ मध्ये कोइंब्रात कायमचं स्थिरावलं. गोव्यातली मुलंही तिथं शिकायला जात. अठराव्या शतकातल्या तिथल्या जुआनिना ग्रंथालयात वटवाघळं राहतात. पुस्तकांना लागणारे किडे ती खातात, म्हणून त्यांना कुणी हुसकावत नाही, फक्त रात्री टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालतात. विद्यार्थी एकत्र घर घेऊन, एक चूल मांडून राहतात आणि त्या घरांना ‘रिपब्लिक’ म्हणतात. थंडीत पर्यटक ओसरले की त्या चढणीच्या गल्ल्या पुन्हा गावाच्या होतात. लातूरला पर्यटक मुळात येतच नाहीत. इथं ओसरतात ती मुलंच, आणि त्यांच्यामागे सातशे वर्षांची इमारत दिसत नाही. इथला इतिहास माणसांच्या एका आयुष्यात मावेल इतका जवळचा आहे. म्हणूनच तो सांगायला हवा.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला कॉलेजात शिकायचं तर बहुधा हैदराबाद गाठावं लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. घरात मराठी, शाळेत उर्दू, राष्ट्रीय चळवळीची भाषणं चोरून ऐकायची, अशी दोन पिढ्यांची घडण झाली. त्यातून राष्ट्रीय शाळा निघाल्या. हिप्परग्याची शाळा १९२१ ची. तिथं शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतेही झाले. मराठवाड्याच्या स्वातंत्र्याचा पुढारी पेशानं मास्तर होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं आणि दोन वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्याच्याही मागे स्वामीजी होते.

लातूर तेव्हा बाजारपेठेचं गाव होतं. मधोमध गंजगोलाई, तिच्यात अंबाबाईचं देऊळ आणि गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ मध्ये इथवर आली आणि धान्य, गूळ, तेलबियांची आडत वाढली. गोलाईभोवती आजही सराफा, चपलांची दुकानं, मिरची-मसाल्याच्या पेढ्या आपापले रस्ते धरून आहेत. या आडतीच्या गावात १९६१ साली दयानंद शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. अमेरिकेतल्या वंचितांचं लेखन वाचणारा माणूस मराठवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसमोर उभा होता. याचा संबंध पुढच्या घडामोडींशी आहे, असं मी मानतो.

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केला, पण काम आधीचं आहे. बारावी विज्ञानाचा अभ्यासक्रम लवकर संपवायचा. मग उरलेले महिने फक्त सराव. सुट्ट्या कमी, दिवाळीतही तास. प्राध्यापक स्वतः प्रश्नपत्रिका काढत, रातोरात तपासत, आणि चुकलेला प्रश्न त्या मुलाला पुन्हा वेगळ्या रूपात घालत. कुठल्या मुलाचा कोणता धडा कच्चा, हे शिक्षकांना नावानिशी ठाऊक असे. मुलांच्या पातळीप्रमाणे तुकड्या, तुकड्यांमधून वर-खाली जाण्याची सोय. यात कुठलंही गुपित नव्हतं. मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकेपर्यंत शिकवत राहायचं, एवढंच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं एकामागून एक झळकू लागली. तेव्हा वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होते. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा मुंबई-पुण्याच्या मुलाच्या पंक्तीत बसला, आणि आई-वडिलांना पहिल्यांदा दिसलं की हे आपल्यालाही जमतं.

पॅटर्नवर पोपटपंचीचा आरोप तेव्हाही झाला आणि तो सगळा खोटा नाही. प्रयोगशाळा मागे पडली, वाचन मागे पडलं, कथा-कादंबरी हातात दिसली की मूल वाया गेलं असं घरी वाटू लागलं. तरीही आरोप करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या होत्या, हे विसरता येत नाही. जिथं घरात विचारायला कुणी नाही, तिथं शिक्षकानं दहादा विचारणं हाच न्याय असतो.

या गावानं अभ्यास फार कठीण काळात चालू ठेवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली, हजारो माणसं गेली. जे वर्ग त्या वर्षी भरले, त्यांतल्या किती बाकांवर दुःख बसलं असेल! आणि २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण आटलं, शहरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे आली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात धुऊन काढल्या होत्या. शिकवणीच्या एका राजधानीतून दुसरीकडे आलेली ती मदत. त्या वर्षी खोल्या रिकाम्या झाल्या त्या परीक्षेमुळे नव्हे, पाण्यामुळे. रोजचा एक टँकर चार घरांत वाटून घेताना घरमालकांनी विद्यार्थ्यांच्या बादल्या आधी भरल्याचं लोक आजही सांगतात.

बदल खरा झाला तो परीक्षा बदलली तेव्हा. १९९९ पासून राज्याची सीईटी आली, पुढे बोर्डानं गुणवत्ता यादीच बंद केली, आणि मग ‘नीट’. कॉलेजच्या तासांचं वजन उतरलं, खासगी क्लासचं वाढलं. लातूरचे शिक्षक बाहेर पडून क्लास काढू लागले, बाहेरच्या मोठ्या क्लासनी इथं शाखा उघडल्या, नांदेडही याच वाटेनं गेलं. आज फी, खोली, मेस, टेस्ट सिरीज असा दोन वर्षांचा खर्च शेतकरी कुटुंबाला जमीन विकायला लावू शकतो. पुष्कळ घरांत आई मुलाबरोबर इथं बिऱ्हाड करते, वडील गावी शेत नाहीतर दुकान सांभाळतात, घरच दुभंगतं. पूर्वी राज्यातल्या वैद्यकीय जागांसाठी ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. इथं कॉलेजं कमी, त्यामुळे इथल्या मुलांचं त्यात नुकसान होई. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ते रद्द केलं, तेव्हा मराठवाड्यात आनंद झाला तो रास्तच होता. पण जागा मोजक्या आणि परीक्षार्थी लाखांत, हे गणित त्यानं सुटलं नाही. जे मूल दोनदा, तीनदा रिपीटर म्हणून बसतं, त्याच्यासाठी या शहराकडे खोली आहे, डबा आहे; त्याच्या मनाशी बोलणारं माणूस मात्र कमी आहे. मला याची काळजी वाटते, आणि लातूरबद्दल लिहिताना ती झाकून ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं.

मेच्या रिकाम्या लातुरातून नांदेडला जावं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत साधारण १४० किलोमीटर. दोन्ही बाजूंना नांगरून तापत टाकलेली काळी रानं, मृगाची वाट बघत असलेली. सोयाबीन आणि तूर यांचा हा पट्टा, आणि लातूरच्या खोल्यांचं भाडं याच रानांतून येतं.

नांदेडच्या अलीकडे विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ लागतं. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनी, ते औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळं झालं. पहिले कुलगुरू पुन्हा जनार्दन वाघमारेच. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांची कॉलेजं त्याला जोडलेली. कोइंब्राच्या घंटेच्या मनोऱ्यासारखं इथं काही नाही. माळावर पसरलेल्या संकुलांच्या इमारती, कडुनिंब, आणि जवळच शंकरसागर जलाशयाचं अडवलेलं गोदावरीचं पाणी. उन्हाळ्यात संकुलं शांत असतात, तेव्हा या माळाचा आकार नीट दिसतो. लातूरमध्ये मुलगा दोन वर्षं एका परीक्षेसाठी येतो. इथं येणारा बहुधा इतिहास, भाषा, सामाजिक शास्त्रं घेऊन येतो, आणि त्याच्याबद्दल बातमी छापून येत नाही.

नांदेड शहर तर विद्यार्थी गेल्यावरही रिकामं होत नाही. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथं देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात देशभरातून लोक येतच राहतात आणि लंगर बारा महिने चालतो. महिनाअखेरीला पैसे संपले तरी इथं शिकणाऱ्या मुलाला पंगत मिळते. शेजारी पंजाबचा शेतकरी, समोर बिलोलीचा. कुणी काही विचारत नाही.

आणि नरहर कुरुंदकर. हिंगोलीजवळच्या कुरुंद्याचा हा मुलगा हैदराबादला शिकायला गेला आणि इंटरला वारंवार नापास झाला. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी शिक्षकी केली, पदवी उशिरा घेतली, पीपल्स कॉलेजात मराठी शिकवलं आणि तिथंच प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि सेक्युलॅरिझमपासून संगीतापर्यंत त्यांनी बोललेलं ऐकायला लोक तालुक्याहून येत. १९८२ मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले. परीक्षेनं नापास ठरवलेला माणूस मराठवाड्याचा सर्वांत मोठा शिक्षक झाला, हे मी कुणाला टोमणा म्हणून सांगत नाही. लातूरच्या ज्या मुलांचा यंदा नंबर लागणार नाही, त्यांच्या आई-वडिलांना जूनमध्ये निकालाच्या दिवशी कुणीतरी हे सांगावं, एवढ्यासाठी सांगतो. त्याच महिन्यात नव्या बॅच सुरू होतात. लातूरच्या बसस्थानकावर ट्रंका उतरतात, पाट्या फाटकांवरून निघतात आणि मेसवाल्या काकू पहिल्याच दिवशी विचारतात, पोळी जाड चालते की पातळ.