सरस मानक बाजारात का हरते?

बंगळुरूजवळील होसकोटे येथील व्होल्वोच्या कारखान्यातून २००१ मध्ये बी७आर ही बस भारतीय रस्त्यांवर आली. तत्कालीन बसगाड्यांच्या तुलनेत ती कितीतरी महाग होती. तरीही ती रुजली आणि मुंबई-पुणे मार्गावरील ‘शिवनेरी’ सेवेमुळे मराठी प्रवाशांच्याही परिचयाची झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतील इंटेल कंपनीने संगणकाच्या मदरबोर्डसाठी ‘बीटीएक्स’ हे नवे मानक जाहीर केले. तेही आधीच्या रचनेपेक्षा सरस होते. मात्र २००६ मध्ये इंटेलनेच ते आवरते घेतले. या दोन अनुभवांमधील फरक समजून घेण्याजोगा आहे.

उष्णतेवर उपाय

मदरबोर्डचे मानक हा एक प्रकारचा करार असतो. बोर्डाचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आणि कार्डांची मांडणी त्यात ठरलेली असते. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. १९९५ पासून हे काम ‘एटीएक्स’ मानक करीत होते. परंतु २००४ मध्ये आलेल्या नव्या पेंटियम ४ प्रोसेसरची उष्णता ११५ वॅटपर्यंत पोहोचली आणि ती बाहेर काढणे कठीण होऊ लागले.

बीटीएक्समध्ये प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढील भागात आणण्यात आला. एक मोठा पंखा बाहेरची थंड हवा थेट प्रोसेसरवर सोडत असे. तीच हवा सरळ रेषेत पुढे जाऊन इतर चिप्स आणि ग्राफिक्स कार्डही थंड करीत असे. पंखे कमी लागत आणि आवाजही कमी होई.

लाभ एकाचा, खर्च सर्वांचा

या रचनेसाठी बोर्ड, कॅबिनेट आणि प्रोसेसरवरील पंख्याचा संच हे सर्व एकाच वेळी बदलणे आवश्यक होते. बोर्ड उपलब्ध नसताना कॅबिनेट कोण बनवणार आणि कॅबिनेट नसताना बोर्ड कोण घेणार, असा पेच निर्माण झाला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड येथे सुटे भाग जोडून संगणक देणाऱ्या विक्रेत्यांचा व्यवसाय तर कोणताही भाग कोठेही बसण्यावरच अवलंबून असतो.

एटीएक्स आले तेव्हाही जुनी कॅबिनेट निरुपयोगी ठरली होती. मात्र त्याचा लाभ सर्वांना मिळाला. जुन्या ‘एटी’ बोर्डांना वीजपुरवठ्याचे दोन प्लग लागत आणि त्यांची अदलाबदल झाल्यास बोर्ड जळण्याची भीती असे. एटीएक्सने त्यांच्या जागी एकच प्लग आणला. बीटीएक्सचा मुख्य लाभ मात्र इंटेलच्या तापणाऱ्या प्रोसेसरपुरता होता. प्रतिस्पर्धी एएमडीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांना त्याची निकड भासली नाही.

एकाच छताखाली यश

डेल आणि गेटवे या कंपन्यांनी मात्र बीटीएक्स स्वीकारले. बोर्डापासून कॅबिनेटपर्यंत सर्व भाग त्या स्वतःच ठरवून घेत असल्याने बाहेरील कोणाच्या संमतीची त्यांना गरज नव्हती. व्होल्वोची स्थितीही अशीच होती. सांगाडा, मागील बाजूचे इंजिन, देखभाल आणि चालकांचे प्रशिक्षण यांकडे कंपनीने स्वतः लक्ष दिले. शिवाय नव्या बससाठी रस्ता बदलावा लागला नाही. बीटीएक्सला मात्र रस्ताच नवा हवा होता.

अखेरीस मूळ कारणच नाहीसे झाले. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरची उष्णता ६५ वॅटपर्यंत खाली आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलने बीटीएक्सचा पुढील विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. एटीएक्स मात्र मोठे पंखे आणि हवेशीर कॅबिनेट यांच्या साहाय्याने आजही वापरात आहे.

नवे मानक आणू पाहणाऱ्या कोणत्याही उद्योगासाठी यातील बोध स्पष्ट आहे. रचना किती चांगली आहे, याबरोबरच बदलाचा खर्च कोण सोसणार आणि लाभ कोणाच्या पदरी पडणार, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. ते समाधानकारक नसेल, तर सरस रचनाही बाजारात टिकत नाही.